तिथी बघून देवबाग

अमावास्या

कणकवलीला निम्मा डबा रिकामा झाला. ही सगळी कुणकेश्वरच्या जत्रेला निघालेली माणसं. महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला गावोगावचे देव तिथे समुद्रस्नानाला येतात, आणि त्या स्नानासाठी लोक मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करतात. आम्ही पुढे कुडाळला उतरलो आणि गाडी करून मालवणमार्गे देवबाग गाठलं.

तारकर्लीच्या पुढे दक्षिणेला गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी म्हणजे देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं तर माडांच्या फटीतून दोन्हीकडचं पाणी दिसतं. आमचं घर नदीच्या अंगाला होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ऐसपैस पडवी, मागे माडाची बाग आणि बागेच्या शेवटी होडी बांधायची जागा. घराचे मालक, काका आणि काकी, शेजारीच राहतात. जेवण काकींच्या हातचं. ते घर घेण्याचं निम्मं कारण तेच होतं.

उरलेलं निम्मं कारण असं, की आम्हाला एकाच जागी राहायचं होतं. पाच ठिकाणी बॅगा उघडायच्या, घड्याळात बघून डॉल्फिन, घड्याळात बघून प्रवाळ, हे मला पटत नाही. समुद्रातले जीव बघायचे तर वेळ त्यांची आणि पाण्याची, आपण तिच्यामागून जायचं.

यात आमच्या सासूबाई तयार. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. पोचल्या पोचल्या कालनिर्णय बाहेर निघालं आणि माझ्या लेकीचा पहिला धडा सुरू झाला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी पूर्ण चढणार, पाच-सव्वापाचला पूर्ण उतरणार, आणि दुसऱ्या दिवशी सगळं साधारण पाऊण तासाने पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी चढतंही खूप आणि ओसरतंही खूप. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. काका ऐकत होते. "बरोबर आसा," म्हणाले. "आमी पण तसाच धरतव."

दुपारी बांगड्याचं तिखलं, ओल्या काजूगरांची उसळ, सोलकढी. मार्च तोंडावर आला की सिंधुदुर्गात काजूगर आणि सुरंगी एकदम येतात. काकींच्या केसांत सुरंगीचा वळेसर होता आणि पडवीभर त्याचा वास.

पाच वाजता संगमावर गेलो. उधाणाची ओहोटी असल्यामुळे वाळूचे पट्टे लांबवर उघडे पडले होते. ओल्या वाळूवर चिमुकल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडली होती. हे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेली गोळी बाजूला टाकतात. पाणी चढलं की सगळी नक्षी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा नव्याने. पाण्याच्या कडेने चिखल्या पक्ष्यांचा थवा धावत होता. हे पक्षी हिवाळा इथे काढतात आणि उन्हाळा लागला की हिमालयापलीकडे परततात. सुरय आणि कुरव वाळूच्या टोकाला वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. लेकीने त्यांच्यात धावत जायचा पवित्रा घेतला, तेव्हा सासूबाईंनीच तिला धरलं. लांबच्या प्रवासाआधी पोट भरून घेणाऱ्या पाखरांना उगाच उडवू नये, हे मुलांना लहानपणीच सांगायला हवं.

संगमावर पोहायला मात्र उतरू नये. ओहोटीच्या वेळी नदी आणि समुद्र दोन्ही मिळून बाहेर ओढतात आणि वरून पाणी शांत दिसतं. काकांनी हे दोनदा बजावलं. परतताना त्यांनी समुद्राच्या बाजूचा काळ्या दगडांचा बंधारा दाखवला. त्यांच्या लहानपणी बंधाऱ्यापलीकडे माडांच्या रांगा होत्या, आता तिथे लाटा आहेत. दर पावसाळ्यात देवबागची पट्टी थोडी झिजते.

रात्री जेवल्यावर काकींनी हाक मारली. काळोख गडद होता आणि फुटणारी प्रत्येक लाट निळसर पेटत होती. हिवाळ्याच्या अखेरीस या किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म, एकपेशीय जीव वाढतात आणि पाणी हललं की चमकतात. लेक ओल्या वाळूत पाय आपटत राहिली, प्रत्येक पावलाभोवती उजेड. काका फारसे खूश नव्हते. असं पाणी दाट झालं की मासळी तिथून हटते, असा त्यांचा अनुभव, आणि दाट वाढ झालेल्या पाण्यापासून मासे दूर राहतात असं अभ्यासकही म्हणतात.

प्रतिपदा

ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण, म्हणजे तेव्हा नदीच्या मुखाशी पाणी उथळ आणि लाटा उभ्या. होडी साडेसातला काढायची ठरली. नाखवा काकींचा भाचा. बसण्याआधीच त्याला सांगितलं, की डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊ, पण पाठलाग करायचा नाही आणि दिसले की मशीन बंद. त्याचा चेहरा सैल झाला. "माका पण ताच बरा वाटता. पण लोकांका जवळसून बघूचे असतत, म्हणान मशीन मारूक लागता."

भोगवेचा लांबलचक किनारा डावीकडे ठेवून आम्ही निवतीच्या दिशेने गेलो. तांबूस-पिवळ्या कड्यांवर सकाळचं ऊन आलं होतं. निवतीचा किल्ला ज्या टेकाडावर आहे, त्याच्या अलीकडे भाच्याने मशीन थांबवलं आणि आम्ही नुसते डुलत राहिलो.

आधी आवाज आला. फूस्स, जोराने सोडलेला श्वास. मग होडीच्या उजवीकडे करडी पाठ वर आली, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. कोकणात किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हेच, हिंदी महासागरातले हंपबॅक डॉल्फिन. खोल समुद्रात ते क्वचितच जातात. खाडीची मुखं, उथळ आणि गढूळ पाणी, किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतची पट्टी, एवढंच त्यांचं जग. नेमक्या याच पट्टीत आपली जाळी, होड्या, बंदरं आणि शहरांचं सांडपाणी असतं. म्हणून जागतिक यादीत हा प्राणी संकटग्रस्त आहे, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी. डॉल्फिन आवाज सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे हे ओळखतात. त्या पाण्यात मशीन घरघरत ठेवायचं म्हणजे त्यांच्या नजरेपुढे धूर करण्यासारखं आहे. आमची होडी गप्प होती तोवर ते आपल्या कामात होते. एक मादी आणि तिच्या कुशीला चिकटून पोहणारं पिल्लू आमच्यापासून बांबूभर अंतरावरून गेलं. पिल्लू श्वास घ्यायला आईपेक्षा जास्त वेळा वर येत होतं, आणि दर वेळी डोकं पूर्ण बाहेर काढत होतं. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. सासूबाईंनी नकळत हात जोडले.

मग तीन होड्या आल्या. प्रत्येकीत वीसेक माणसं, "तिकडे, तिकडे" असा ओरडा, आणि होड्या त्या दिशेला वळवलेल्या. दोन वेळा वळसा झाला. डॉल्फिन खाली गेले ते वर आलेच नाहीत. होड्या निघून गेल्यावर आम्ही तिथेच थांबलो, पाऊण तास असेल. कड्यावरच्या झाडात समुद्र गरुडाचं घरटं होतं, काटक्यांचा मोठा भारा. पांढऱ्या पोटाचा तो पक्षी एकदा समुद्रावर फेरी मारून पायांत काहीतरी लोंबतं घेऊन आला. पुढे डॉल्फिन परतले, पण लांब, भोगवेच्या बाजूला.

मला होडीवाल्यांवर राग काढायचा नाही. त्यांचा हंगाम पावसाळा सोडून काही महिन्यांचा, डिझेल महाग, आणि गिऱ्हाईक "जवळ गेलो नाही, पैसे कमी करा" म्हणून भांडतं. पाठलाग थांबायचा तर मागणी करणाऱ्यांनी थांबवायला हवा. एका होडीने मशीन बंद ठेवलं तर तिथल्या तिथे फरक दिसतो, हे मी स्वतः पाहिलं. भाच्याला ठरलेल्याहून जास्त पैसे दिले, तेही याच कारणासाठी.

द्वितीया

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी याची पायाभरणी केली. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. किल्ल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी त्याच्या तटाखालच्या पाण्याबद्दल लिहिते.

हे पाणी म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. घोषणा १९८७ ची, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा भागात सिंधुदुर्ग आणि पद्मगड. मासेमारी बंद होईल या भीतीने इथल्या गाबीत मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. त्यांची भीती समजण्याजोगी आहे, कारण समुद्र राखायचा तर पहिलं बोलणं त्यांच्याशी व्हायला हवं होतं.

द्वितीया म्हणजे दोन, दोनाची पाऊणपट दीड. भरती दीडला, म्हणून स्नॉर्केलिंग साडेबाराला. पाणी चढताना बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. तरीही उधाणाचे दिवस असल्यामुळे तळ ढवळलेला होता आणि हात-दोन हातांपलीकडचं धूसर. आम्ही अमावास्या निवडली ती लांब ओहोटी आणि काळोख्या रात्रींसाठी. प्रवाळासाठी भांगाचे दिवस आणि डिसेंबर-जानेवारी चांगले, हे काकींनी आधीच सांगितलं होतं. पण जे दिसलं ते पुरेसं होतं. खडकावर गोल, खडबडीत, तपकिरी-हिरव्या गाठी. हात लावू नको असं लेकीला सांगितलं होतंच. त्या गाठी जिवंत आहेत, हजारो इवल्या प्राण्यांनी मिळून बांधलेल्या, आणि त्यांच्या पेशींत राहणारी शैवालं त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापलं की ही शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. मालवणला तसं झालेलं नोंदलं गेलंय. आम्हाला एक गाठ अर्धी पांढरी दिसली. भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी नाकापर्यंत आले.

ते इतके जवळ का येतात याचं कारण पुढच्या मिनिटाला कळलं. शेजारच्या गटाला पाण्यात पाव दिला गेला आणि मासे तुटून पडले. फोटो छान येतात. पण हे मासे खडकावरचं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन जगणारे. पावावर वाढवलेली गर्दी प्रवाळाच्या काही कामाची नाही, आणि कुजका पाव तळाशी बसतो तो वेगळाच. शिवाय प्रवाळावर नांगर टाकणं. तरंगता बोया असला तर होडी त्याला बांधता येते. आमच्या होडीने तेच केलं आणि मी मुद्दाम आभार मानले.

संध्याकाळी मालवणच्या बाजारात काजू आणि मालवणी खाजा. घरी काकींनी शिरवाळे केले होते, नारळाच्या गोड रसात. लवकर झोपलो.

तृतीया

भरती सव्वादोनला. खाडीतली सफर भरतीवर आणि कासवांची पिल्लं सूर्य कलल्यावर, त्यामुळे दिवस आपोआप ठरला: आधी वेंगुर्ला, मग वायंगणी. देवलीचा पूल ओलांडून चिपी, परुळे, म्हापण, केळूस असा रस्ता. दुतर्फा आंब्याचा मोहर सरून कैऱ्या धरलेल्या.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. मशीन नाही. सगळ्या कोकणी गावांतल्या घरधनिणी, पण कांदळाच्या जाती, त्यांची हवेत डोकावणारी श्वासमुळं, झाडावर असतानाच रुजणाऱ्या बिया हे सगळं त्या असं सांगतात, की ऐकत राहावं. एक जण वल्हं मारताना म्हणाली, "ह्या झाडांच्या मुळांत कोळंबी, खेकडे लहानाची मोठी होतात. झाडा तोडलास तर ताटात काय येतला?" चिखलाच्या कडेला निवटे होते, पाण्याबाहेर उड्या मारणारे मासे, डोळे टकामका फिरवणारे. खंड्या एकाच फांदीवरून तीनदा बुडी मारून आला. वन्यजीव पर्यटनात पैसा नेमका कुणाच्या हातात पडतो हे मी नेहमी बघते, आणि इथे तो वल्हं धरणाऱ्या हातातच पडतो.

साडेपाचला वायंगणी. ऑलिव्ह रिडले कासविणी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री या किनाऱ्यांवर येतात, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हातभर खोल खड्डा खणतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू थोपटून परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे यांच्या तोंडी जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांच्या साथीने घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम किनाराभर पसरलं. वायंगणीत पहाटे किनारा तुडवणारे कासवमित्र आहेत. घरटं सापडलं की अंडी अलगद उचलून, तेवढ्याच खोलीवर, जाळीच्या कुंपणात पुरतात. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. जास्त उष्ण वाळूत माद्या अधिक.

कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली. वाळू मध्यभागी खचली होती, आणि खचल्या जागेतून काळसर डोकी वर येत होती. एका पिल्लाने दुसऱ्याच्या पाठीवर पाय दिला, तिसऱ्याने वाळू ढकलली. ती वर येतात ती अशी एकमेकांच्या धडपडीवरच. त्याने मोजून वहीत नोंद केली, मग किनाऱ्यावर दोरी लावली. आम्ही सगळे दोरीमागे. फ्लॅश नाही, बॅटरी नाही, कारण पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात आणि गावाकडचा एक दिवासुद्धा त्यांना उलटं फिरवू शकतो. पाण्यापासून काही अंतरावर ठेवून त्यांना चालू दिलं. हातात धरून थेट लाटेत सोडत नाहीत.

किती सावकाश! चार पावलं, थांबणं, मान वर, पुन्हा चार पावलं. माणसाच्या पायाचा ठसा हीसुद्धा त्यांच्यासाठी दरी. एक पिल्लू अशा ठशात पडलं आणि पन्नासेक माणसांनी श्वास रोखला. कुणी तरी उचलायला वाकलं, कासवमित्राने नुसता हात आडवा केला. पिल्लाने तीन प्रयत्नांत कडा गाठली. पहिली लाट आली आणि काहींना उलटं मागे फेकून गेली, दुसरीने नेलं. पाण्यात गेल्यावर तीच चाल बदलते, आडवे पाय पंखांसारखे होतात आणि पिल्लू दिसेनासं होतं. हजारात एखादंच मोठं होतं असं मानतात.

जे वाचतं ते कुठवर जातं याचे पुरावे आता मिळू लागलेत. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना पुन्हा विचार करावा लागला. मी लेकीला हे सांगत होते तेव्हा कासवमित्र म्हणाला, "आमका कागदावर काय ता ठाव नाय. पण येतत ती आमचीच माहेरवाशिणी."

चतुर्थी

सकाळी देवबागच्या समुद्राच्या बाजूला रापण होती. होडीने जाळं अर्धगोलात टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ओढायचे. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. आम्हीही हात लावला, सासूबाईंसकट. तासाभराने जाळ्याचा खोळा वाळूवर आला: पेडवे, थोडे बांगडे, दोन खेकडे आणि एक समुद्री साप. चपटी, वल्ह्यासारखी शेपटी, त्यावरून तो ओळखायचा. तो अत्यंत विषारी असतो. एका म्हाताऱ्या रापणकराने काठीवर उचलून त्याला लाटेत टाकलं आणि पुन्हा जाळ्याकडे वळला, जणू रोजचंच.

माशांचा ढीग लहान होता. बाहेर पर्ससीनची मोठी जाळी टाकणारे आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या नौका थवेच्या थवे उचलतात, मग किनाऱ्यावर येणार काय, हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाने आमच्याकडे बघून विचारला. जाळ्यात कासव अडकलं तर काय करता, असं मी विचारलं. जाळं कापून सोडतात. २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. फोटो काढून अर्ज करावा लागतो. काकांच्या मते योजना चांगली, आणि पैसे लवकर आले तर ती आणखी लोक वापरतील.

आमच्या वाट्याला आलेले पेडवे काकींनी हळदीच्या पानात भाजले. परतीची कोकणकन्या कुडाळहून होती, म्हणून चारला निघालो. निघण्याआधी सासूबाईंनी काकींबरोबर कालनिर्णय उघडून डिसेंबरातली अष्टमी शोधली, भांगाचे तीन दिवस धरले आणि काकांनी वहीत आमचं नाव लिहून घेतलं. या वेळी प्रवाळासाठी.